स्कॉटलंडातला दुष्काळ

स्कॉटलंडमध्ये दुष्काळ मी पाडला. कोल्हारच्या स्टँडवर, चहाच्या टपरीला टेकून, दहा मिनिटांत पाडला. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, अरे पण स्कॉटलंडचा आणि तुझा संबंध काय? तर आधी संबंध सांगतो.

मी नगरला एम.ए. करत होतो, इंग्रजी घेऊन. एक पेपर आपल्या आवडीचा निवडायचा असतो. वर्गातल्या बहुतेकांनी नाटकांचा निवडला. आम्ही तिघांनी मात्र राणी व्हिक्टोरिया आणि तिच्यानंतर गादीवर बसलेला तिचा मुलगा यांच्या काळातलं स्कॉटिश साहित्य घेतलं. फार मोठी आवड वगैरे काही नव्हती. त्या पेपराला पुस्तकं कमी आहेत आणि शिकवणारे सर मार्कांना सढळ आहेत, अशी पक्की बातमी होती. पुस्तकं कमी होती ही बातमी खरी निघाली. एका मुख्य कादंबरीची तर कॉलेजात एकच प्रत होती.

तिघं म्हणजे एक मी, कोल्हारचा. दुसरा कर्जत तालुक्यातल्या मिरजगावचा, त्याला सगळे मिरजगावकरच म्हणायचे. तिसरी नगरचीच होती, ख्रिस्ती, वडील शाळेत शिक्षक. ती आम्हाला ‘अहो’ म्हणायची, आम्ही तिला ‘अहो’ म्हणायचो, आणि त्या अहोजाहोतच एकमेकांची यथेच्छ टिंगल करायचो.

सर मूळचे पुण्याचे. पिवळ्या पडलेल्या नोट्सचा गठ्ठा घेऊन यायचे, रबर काढायचे आणि वाचायला लागायचे. आम्ही उतरवून घ्यायचो. त्या नोट्समधून जो स्कॉटलंड आम्हाला कळला त्यात सतत पाऊस पडायचा, धुकं असायचं, दगडी चर्च असायचं, आणि चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसलेले कडक म्हातारे असायचे. शहरात जाऊन स्थिरावलेल्या लोकांनी आपल्या मागे राहिलेल्या गावाबद्दल लिहिलेल्या गोड गोष्टी, असं सर सांगायचे. त्यातली गरीब हुशार पोरं युनिव्हर्सिटीत जाताना ओटच्या पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन जायची, आणि पीठ संपलं की पुन्हा घरी यायची, पोतं भरून न्यायला. हे वाचलं तेव्हा मला एकदम ओळखीचं वाटलं. आमचाही डबा रोज सकाळच्या एस.टी.नं गावाहून यायचा. आईनं पहाटे केलेल्या भाकऱ्या नगरला पोचेपर्यंत गार व्हायच्या, एवढंच. मिरजगावकर म्हणाला, “आपल्याकडं पोतं एकटं येतं. त्यांच्याकडं पोराला यावं लागायचं. म्हंजी आपून पुढारल्यालं.”

आता बहात्तर साल. पाऊस झालाच नव्हता. दिवाळीनंतर पाणी नाही म्हणून आमचं वसतिगृह बंद झालं आणि तासही बंद झाले. सरांनी सांगितलं, घरी अभ्यास करा, संक्रांतीपर्यंत ट्यूटोरियल पोस्टानं पाठवा, आणि जानेवारी संपायच्या आत परीक्षेच्या फॉर्मवर माझी सही घ्या. त्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. आणि परीक्षेला बसता आलं नाही तर माझं काय होणार हे ठरलेलं होतं. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, साखर कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. उसाच्या गाड्या मोजून चिठ्ठ्या फाडायचं काम. दादा म्हणाले होते, “एक वर्ष बुडालं की दुसरं तुझं नाय, माझं.” ते कधी ओरडत नाहीत. म्हणून मी जास्त घाबरायचो.

सरांनी ती एकुलती एक प्रत आपल्या नावावर काढून तिघांत मिळून दिली. तीन गावं, तीन माणसं, एक पुस्तक. मिरजगावकरनं वसतिगृहाच्या पायरीवर बसून पुस्तक उलटं पालटं करून पाहिलं आणि म्हणाला, “तीन भाग करू. पाठ तशीबी ढिलीच हाय.”

मी म्हणालो, “सर मारतील.”

“कळंल तवा मारतील. परत शिवून देऊ.”

ती दोन पावलं मागं सरली. “मला यात घेऊ नका. मी काही पाहिलेलं नाही.” आणि मग त्यानं पुठ्ठ्याजवळ ब्लेड लावल्यावर तिलाच राहवेना. “अहो तिथं नाही, पानं फाटतील. फर्म्यावर कापा.” फर्मा म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा. तिच्या घरी चर्चची गीतांची पुस्तकं शिवायला यायची, त्यामुळं तिला सगळं माहीत. शेवटी ब्लेड तिनंच हातात घेतलं. इतकं स्वच्छ काम झालं की आम्हाला गुन्हा केल्यासारखं वाटलंच नाही. पहिला भाग मी घेतला, शेवटचा तिनं, आणि मधला जाडजूड मिरजगावकरनं. महिन्याभरानं बदलायचे, तेही एस.टी.नं, डब्याच्या पिशवीत घालून.

कादंबरीचा पहिला भाग मी चार दिवसांत वाचला. एका विधवेचा मुलगा असतो. गावात एक म्हातारा विणकर असतो, चर्चच्या पंचांतला सगळ्यात खडूस. तो ह्या पोराला मागाशेजारी बसवून बोलायला शिकवतो, कारण पोरगं पुढं धर्मोपदेशक व्हावं अशी गावाची इच्छा असते. मग पोरगं पिठाचं पोतं घेऊन युनिव्हर्सिटीत निघतं, म्हातारा पाच मैल त्याच्याबरोबर पावसात चालतो, एक शब्द बोलत नाही, आणि परत फिरतो. पहिला भाग संपला.

मी तो पिशवीत घालून नगरला पाठवला, आणि तिच्याकडून शेवटचा भाग आला. तो आणला नगर–कोपरगाव गाडीच्या कंडक्टरनं. ही गाडी कोल्हारला चहाला थांबायची. कंडक्टर पंचेचाळिशीतला, मिशीवाला, पिशवी फुकट आणणार पण आत काय आहे ते बघितल्याशिवाय देणार नाही.

“ह्ये काय? पुढचं मागचं उंदरानं खाल्लं का?”

मी म्हणालो, “मामा, गोष्टीचं पुस्तक आहे. इंग्रजी.”

“मंग सांग गोष्ट. पिशवीचं भाडं समज.”

मी पहिला भाग सांगितला. त्यानं चहा बशीत ओतून ऐकला. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो, मधला भाग आला का बघायला. मधला आला नव्हता, पण मामांना पुढची गोष्ट हवी होती. मी रात्रीत शेवटचा भाग वाचून काढला होता. त्यात पोरगं शिकून गावात धर्मोपदेशक होऊन आलेलं असतं, आणि तो म्हातारा विणकर दर रविवारी चर्चच्या बाहेर, दगडी भिंतीवर, पावसात बसून राहतो. आत पाऊल टाकत नाही. का, ते कुणी बोलत नाही, कारण ते मधल्या भागात सांगून झालेलं असतं.

“मंग आत का जात न्हाई?”

“ते मधल्या भागात आहे.”

“मधला कुठंय?”

“मिरजगावला.”

मामांनी ड्रायव्हरकडं बघितलं. “ऐकलं का, म्हाताऱ्याचं कारण मिरजगावला आडकलंय.”

आणि सरांनी ट्यूटोरियलला दिलेला प्रश्न नेमका हाच होता. म्हातारा आत का जात नाही, सविस्तर लिहा.

मी मिरजगावकरला दोन पत्रं टाकली. तो दुष्काळी कामावर हजेरी कारकून म्हणून लागला होता, एका पाझर तलावावर. त्याचं एक कार्ड आलं. ‘वाचतोय. लई हळू जातंय. पाठवतो.’ मी रोज गाडीला जायचो. रोज पिशवी नाही, आणि रोज मामा विचारणार, “मिळालं का कारण?” पाचव्या दिवशी मला लाज वाटायला लागली. समोर स्टँडपाशी टँकर आला होता आणि हंड्यांची रांग पार पुलापर्यंत गेली होती. मी त्या रांगेकडं बघत म्हणालो, “मिळालं. तिकडं तीन वर्षं पाऊस पडत नाही.”

आता आठवलं तरी हसू येतं. पहिल्या भागात पाऊस, शेवटच्या भागात पाऊस, सरांच्या नोट्समध्ये पाऊस. मला वाटलं, एवढा पडतो तर मधे कधीतरी थांबलाच असेल.

मग मी सुटलोच. म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं विहीर खणलेली असते, पाणी फक्त तिलाच. पोरगं सुट्टीत येतं आणि भर चर्चमध्ये उभं राहून सांगतं की जागा चर्चची आहे म्हणजे विहीर सगळ्या गावाची. म्हातारा उठून बाहेर जातो. माझी विहीर मला मिळेस्तोवर आत येणार नाही.

मामांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “म्हातारं बरोबर हाय.”

“बरोबर कसं, लोक तहानेले आहेत.”

“खणली कुनी? आमच्या तिघा भावांची सामायिक हाय. खणायला मी, पानी सगळ्यांना. तू इचार मला.”

खिडकीतून एक बाई म्हणाल्या, “आन् त्या रांडमुंड बाईनं प्यायचं काय? तिचाच पोरगा हाय ना तो?” मागच्या सीटवरचे एक फेटेवाले म्हणाले, मोट कुणाची होती त्यावर आहे सगळं. स्कॉटलंडमध्ये मोट होती की नाही मला माहीत नव्हतं, पण मी म्हणालो मोट चर्चची. त्यावर जे पेटलं ते ड्रायव्हरनं हॉर्न वाजवेपर्यंत चाललं होतं. गाडी चांगलीच लेट सुटली.

एवढ्या लोकांना पटलंय म्हटल्यावर मलाही पटलं. मी त्या वेळी राहात्याला टायपिंगच्या क्लासला जात होतो. बोटं जोरात चालायची आणि डोकं मागून यायचं. आठ पानं एका बैठकीत बडवली. दुष्काळ, विहीर, मोट, सगळं. पाठवून दिली. पंधरा दिवसांनी ट्यूटोरियल परत आलं, आणि वर लाल शाईत सरांचा शेरा. ‘उत्तम. विहिरीचा प्रसंग छान उलगडला आहे.’

मी तो शेरा तीनदा वाचला आणि तिला कळवला. तिचं उत्तर आलं ते वाकड्या अक्षरात. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं की मधला भाग मिळाला नाही, सबब कारण सांगता येत नाही. तिला काठावरचे मार्क होते. ‘तुमच्या विहिरीत तुम्हीच पडाल,’ एवढंच एक वाक्य, खाली सहीसुद्धा नाही.

आणि पडलोच. जानेवारीच्या मधल्या एका गुरुवारी सर सपत्नीक शिर्डीला निघाले. नगर–कोपरगाव गाडीनं. सरांना पुढची सीट मिळाली. तिकीट फाडताना मामांनी विचारलं, साहेब काय करता? सर म्हणाले, कॉलेजात इंग्रजी शिकवतो. बस्स. पुढं विहिरीपासून मिरजगावला अडकलेल्या भागापर्यंत सगळं सरांना कसं ऐकवलं, ते मला मामांनीच मोठ्या अभिमानानं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सरांचं कार्ड. ‘तिघांनी पुस्तक घेऊन शनिवारी यावे. फॉर्म आणावेत.’

आदल्या दिवशी आम्ही तिच्या घरी जमलो, पुस्तक शिवायला. मिरजगावकर मधला भाग घेऊन आला. उन्हानं काळा पडला होता. त्यानं भाग खाटेवर ठेवला तर पानांच्या कडा सगळ्या दाते पडल्यासारख्या.

ती म्हणाली, “हे काय केलंत? दातांनी वाचलंत का?”

“पानं एकमेकाला जोडल्याली हुती. आधी वाटलं छापखान्याची चूक. मंग मुकादमाच्या चाकूनं एकेक कापली. म्हनून तर येळ लागला.”

जुनी पुस्तकं तशी येतात. पानांच्या घड्या न कापताच बांधलेली. वाचणाऱ्यानं आपली आपण कापायची. पहिला आणि शेवटचा भाग कुणीतरी आधीच कापलेला होता. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

ती हळूच म्हणाली, “म्हणजे आपल्याआधी हा भाग कुणीच वाचलेला नाही.”

“कुनीच,” मिरजगावकर म्हणाला.

“सरांनीसुद्धा.”

त्यावर तिघंही इतके हसलो की आतून तिची आई बघायला आली. मग माझं हसू थांबलं. सरांनी वाचलं नसलं तरी सही सरांचीच लागणार होती.

मी विचारलं, “पण कारण काय होतं? विहीर?”

“कसली विहीर?”

“दुष्काळ पडला तेव्हाची.”

मिरजगावकर माझ्याकडं बघत राहिला. “दुष्काळ? दोनशे पानं पाऊस हाय. मी तिकडं खडीवर बसून वाचत हुतो, समोर बाया घमेली वाहत्यात, आन् पुस्तकात पानापानाला पाऊस. एकदा तर रागानं बंद करून ठेवलं दोन दिस.” मग म्हणाला, “कारण कायी न्हाई. पोरगं पहिल्या रविवारी कागद बघून बोललं.”

“एवढंच?”

“एवढंच. म्हाताऱ्यानं त्याला कागदाबिगर बोलायला शिकिवलं हुतं. पोरानं कागद काढला, म्हातारा उठला, टोपी घेतली, भायेर गेला.”

मला हे अजिबात पटलं नाही. तिला मात्र लगेच पटलं. “आमच्याकडे पण तसंच. उपदेशक कागदात बघायला लागले की पुढच्या बाकावरच्या आज्या खोकायला लागतात. मागच्या नाताळात एका बिचाऱ्यांच्या वेळी तर इतक्या खोकल्या की त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.” खळ करायला घरात दुसरं पीठ नव्हतं, म्हणून तिनं रेशनच्या मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीची, खळ शिजवली. लालसर झाली. शिवून, चिकटवून, वर पाटा ठेवून दिला.

शनिवारी सरांच्या घरी. सरांनी पुस्तक हातात घेतलं, पाठ बघितली, लालसर खळ नखानं खरवडली. मग मधून उघडलं आणि त्या दातेरी कडांवरून अंगठा फिरवला. फार वेळ फिरवला.

“हे कुणी कापलं?”

मिरजगावकर म्हणाला, “मी, सर. वाचायला.”

तेवढ्यात ती, अगदी साध्या चेहऱ्यानं, “सर, मागच्या मुलांनी कसं वाचलं असेल हो?”

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मग माझ्याकडे वळले. “मागच्या आठवड्यात, गुरुवारी, मी शिर्डीला गेलो होतो. कंडक्टरनं मला विचारलं, म्हाताऱ्याला विहीर परत मिळाली का? अख्खी गाडी कान देऊन होती. मी काय सांगितलं असेल?”

मिरजगावकरला राहवलं नाही. “काय सांगितलं, सर?”

“मिळाली म्हणून सांगितलं.”

सरांनी पेन काढून दोन फॉर्मवर सह्या केल्या, तिच्या आणि मिरजगावकरच्या. माझा फॉर्म तसाच ठेवला, पुस्तकाखाली. “तुम्ही पुढच्या शनिवारी या. तोवर हे मला वाचायचंय.”

पुढचा शनिवार म्हणजे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस.

तो आठवडा मी कोल्हारला कसा काढला ते विचारू नका. दादांनी विचारलं, सही झाली का, मी म्हणालो होतेय. मामांना निदान खरं सांगावं म्हणून स्टँडवर गेलो आणि कागदाचं कारण सांगितलं. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“कागद बघितला म्हनून? पावसात बसतो व्हय कुनी त्याच्यापायी? तुला कुनीतरी येडं बनवलंय. आरं सोता तुझ्या प्रोफेसरनं सांगितलंय मला, विहीर मिळाली.”

शनिवारी दुपारी मी सरांकडे. त्यांनी मला एक कोरा कागदही हातात धरू दिला नाही. “उभे राहा. मधला भाग सांगा. इंग्रजीत. जे पुस्तकात आहे ते.”

मधला भाग मी वाचला कुठं होता? पुस्तक आठवडाभर सरांकडेच. माझ्याजवळ फक्त मिरजगावकरनं त्या दिवशी, पीठ शिजत असताना, सांगितलेलं होतं. तेवढ्यावर सुरू केलं. अडखळत गेलो. क्रियापदं सापडेनात. स्टँडवर तर तासभर बोललो असतो. म्हातारा उठतो, टोपी घेतो, दाराकडे जातो, इथपर्यंत आलो, आणि पोरगं काय करतं तेच आठवेना. मिरजगावकरनं ते सांगितलंच नव्हतं. एकदा जिभेवर विहीर आली. गिळली.

“मला पुढचं माहीत नाही, सर,” मी म्हणालो. मराठीतच.

मग सरांनीच पुढचं सांगितलं, पुस्तकाला हात न लावता. पोरगं वाचतच राहतं. वर बघायची हिंमत होत नाही म्हणून वाचत राहतं. कागद संपतो तेव्हा म्हातारा दिसत नाही आणि त्याला कळत नाही, तो नेमका कुठल्या ओळीला गेला. सरसुद्धा एकदोनदा अडखळले. टेबलावर नोट्सचा गठ्ठा होता, रबरासकट. त्यांचा हात तिकडं गेला आणि परत आला.

“वीस वर्षं मी इथं ‘धार्मिक मतभेद’ असं लिहून देत आलोय,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मग माझं ट्यूटोरियल ओढून ‘उत्तम’वर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘पावसासह पुन्हा लिहा.’ आणि मग फॉर्मवर सही केली.

“ऑफिस पाचला बंद होतं,” ते म्हणाले. “निघा.”

मी कॉलेजपर्यंत पळत गेलो. क्लार्क कुलूप हातात घेऊन खिडकीशीच उभे होते. माझ्याकडं, मग फॉर्मकडं, मग घड्याळाकडं बघितलं. सहीची शाई ओली होती. त्यांनी तिच्यावर दोनदा फुंकर मारली आणि फॉर्म गठ्ठ्यात सरकवला.